शलाका गवांदे हिच्या गणिताची हकीकत

श्री. आधीं गजाननास वंदन, मग अर्जास वंदन, ज्याचे रकाने मनुष्याहून थोर. शके १९४५, शोभन नाम संवत्सरीं, एका मुलुखीं, ज्याचें नांव घेणें उचित नव्हे, जें वर्तमान जाहलें तें ऐकिल्याप्रमाणें लिहिलें ऐसे.

त्या मुलुखीं तालुक्याचे गांवीं शलाका गवांदे नामें कन्या, एस. टी.च्या मिस्त्रीची लेक, बुद्धीची तीक्ष्ण. बारावीउपरांत तिणें गणित मागितलें, तों महाविद्यालयीं गणिताचा शिक्षकच नव्हता, मग अर्थशास्त्राचे प्राध्यापक तुंगार यांणीं समाधान केलें कीं, "अर्थशास्त्र ही माणसांची विद्या, मुली. गणितावाचून काही अडत नाही." आणि मुलीनें तो शब्द प्रमाण मानिला आणि अर्थशास्त्र घेऊन बी. ए.स पहिली आली. मग राजधानीच्या विद्यापीठीं एम. ए. करावें ऐसें मनीं आणून अर्ज उघडिला, तों सवाल निघाला कीं पदवीस गणिताचे विषय किती? मुलगी घाबरी होऊन तुंगारसाहेबांकडे गेली. साहेब बोलिले, "तिथं गणित लागतंच गं. मला वाटलं तू इथंच करशील एम. ए."

मग मुलगी शेख गुरुजींचे घरीं गेली. गुरुजी शाळेंत गणित शिकवून निवृत्त, वय सत्तर, एका डोळ्यास मोतीबिंदू. त्यांणीं पुसिलें, "वर्ष घालवायची तयारी आहे?" "आहे, गुरुजी." "मग उद्या सकाळी सहाला ये." आणि अकरा मास विकलन जाहलें, समाकलन जाहलें, संभाव्यता जाहली, आणि मुलगी पहिले दोन मास रडली आणि मग रडावयाचें विसरली, आणि गुरुजी आकडे वीतभर मोठे काढीत, कारण लहान त्यांस दिसत ना.

पुढें क्रोधी संवत्सरीं प्रवेशपरीक्षा जाहली आणि सातशें उमेदवारांत मुलगी एकोणिसावी आली आणि मुलाखतीस हुजूर बोलाविली. विभागप्रमुख मध्यें विराजमान, त्यांणीं फळ्यावर उदाहरण घातलें, तें मुलीनें दों रीतींनीं सोडविलें. प्रमुख बोलिले, "वा! कुठं शिकलात?"

"शेख गुरुजींकडं. आमच्या गावात."

"प्रमाणपत्र?"

"नाही सर. पण आत्ताच सोडवलं ना तुमच्यासमोर."

"सोडवलंत. आम्ही पाहिलं. पण पदवीच्या गुणपत्रिकेत गणित नाही, त्याला आम्ही काय करणार?"

मग यादी लागली, तींत चाळीस नांवें, मुलीचें नाहीं. तिणें गुरुजींस सांगितलें, तों गुरुजींनीं हळूच पुसिलें, "मी लिहून दिलं असतं, तर माझी सही चालली नसती का?"

मग मासाभरानें त्याच विभागाचें पत्र आलें कीं, आमचे विद्यार्थी खेड्यांच्या कमाईचा अभ्यास करितात, त्यांस घरोघर फिरून माहिती आणणारें माणूस पाहिजे, आपण हुशार दिसलां, यावें, ह्या कामास गणिताची अट नाहीं. आईनें पत्र वाचून म्हटलें, "फाडून टाक." मुलगी म्हणाली, "नको. दुसरं कुणी बोलावलंय का मला?" आणि रुजू जाहली.

सारांश, विद्या होती, कागद नव्हता, आणि ते राज्य कागदाचें. सांप्रत मुलगी उन्हांत दारोदार पुसते, आणि तिणें आणिलेल्या आंकड्यांवर इतरांस पदव्या मिळतात. इतकें लिहून लेखणी ठेविली. याउपर लिहावें तर शाई शिवी देईल.