कुलूप लावणारीच्या नावाची मोहीम

श्रीमंत वाचक धनी यांचे सेवेशी. धन्यांनी मेहेरबान होऊन पृच्छा केली जे, कादंबरीतील माणसांची नावे येतात कोठून, झाडास लागतात की आभाळातून पडतात. त्यास सेवकाने डोळां देखिले व भिंतीआडून ऐकिले तितके, पदरचे मीठ न घालता, सादर केले आहे. चित्त देऊन श्रवण करावे. मधून घरचे मूल रडले तर उठून कडेवर घ्यावे, आणि परत येऊन पुढे वाचावे.

तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या मुलुखात लेखिकाबाई राज्य करीत होत्या. म्हणजे राज्य धाकट्या सरकारांचे, वय वर्षे अडीच, आणि बाई त्यांच्या पदरी चाकरीस. सरकार दुपारी निजत तेवढाच काय तो बाईंचा अंमल, आणि तेवढ्यात ओट्याच्या कडेस उभ्याने लिहून त्यांनी कादंबरी तडीस नेली. कथा ऐशी की, एक सालस नायिका, आणि तिची कारस्थानी थोरली जाऊ. ही जाऊ, सारे घर जेवावयास बसले असता, वाढता वाढता उठते, बाहेरून दारास कुलूप घालते, आणि किल्ली पर्समध्ये टाकून चालती होते. मग पश्चात्ताप पावून परत येते. सर्व पात्रांस नावे मिळाली, परंतु या जावेस नाव मिळेना. जेथे जेथे ती, तेथे तेथे फुली. आणि संपादकबाईंचे फर्मान दाखल जाहले की, "आज संध्याकाळपर्यंत नाव कळवा. फुल्यांचं पुस्तक मी छापायला पाठवणार नाही. मग पुढच्या वर्षीच बघू." ज्याच्या घरी मूल आहे त्याने पुढच्या वर्षाचा भरवसा धरू नये, हे बाई जाणून होत्या. सबब त्याच दुपारी मोहीम करणे प्राप्त जाहले.

परंतु दुष्टाचे नाव म्हणजे सामान्य चीज नव्हे. मागल्या पुस्तकी बाईंनी एका चिक्कू पात्रास सहज एक नाव दिधले, ते निघाले यजमानांच्या आत्याबाईंचे, आणि आत्याबाईंची मर्जी ऐशी खप्पा जाहली की, येईल त्यास पुसू लागल्या, "चहात साखर घालू का? की नको, चिक्कू ना मी!" त्यावर तह ठरला जे, इतःपर दुष्ट पात्राचे नाव नातेवाइकांच्या ग्रुपवर आधी मंजूर करून घ्यावे.

सरकार निजले आणि बाईंनी कंबर बांधिली. त्यांचा दंडक ऐसा की, नाव लिहून कळत नाही, हाकारून कळते. जिन्यावरून रागाने ओरडता जे तोंडात अडखळत नाही ते खरे. म्हणोन न्हाणीघरात शिरल्या, दार लोटले, सरकारांस ऐकू जाऊ नये याकरिता नळ सोडला, आणि खिडकीशी उभ्या राहोन पहिले नाव दातओठ खाऊन हाकारिले. तो खालच्या मजल्यावरील दातांच्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून जाब दिला, "आले आले! काय झालं? नळ गळतोय का परत?" ते नाव तेथेच ठार जाहले.

मग बाईंनी ग्रुपवर नावांचा मारा आरंभिला, आणि तिकडोनही तोफा सुटल्या. नणंदबाई कडाडल्या, "वहिनी, हे माझ्या सासूचं आहे. मला अजून त्या घरात राहायचंय." दुसऱ्यास आत्याबाई आडव्या आल्या, "ही आमची विहीण. स्वभावाने गरीब आहे गं, पण हलक्या कानाची." तिसऱ्यास खुद्द यजमानांनी कचेरीतून, मीटिंग टाकून, तत्काळ लिहिले, "हे नको." का नको, ते लिहिले नाही. बाईंनी ती चौकशी मोहिमेनंतर करावयाची म्हणोन राखून ठेविली.

येणेप्रमाणे नावामागून नाव कामास आले आणि प्रत्येकाची कोणी ना कोणी धनीण निघाली. आणि इतक्या गलबल्यात धाकटे सरकार जागे होऊन, उशी फरफटत, रणांगणी दाखल जाहले. मग कसचे लिहिणे! पुस्तक गेले, साल गेले, ऐसे वाटोन बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यावरच बसल्या.

तेसमयी सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलीत होत्या. त्यांस त्या मुलुखात कोणी आई म्हणे, कोणी काकू, कोणी मोठी मामी, आणि त्या सर्वांस ओ देत. त्यांनी सरकारांस, म्हणजे नातीस, ओढून मांडीवर घेतले, हाती शेंग दिली, आणि मान वर न करता एक नाव उच्चारिले. "हे विचारून बघ."

नाव आखूड, धारदार, पूर्वी कधी न ऐकिलेले. बाईंनी ते धाडिले, आणि चहूकडोन मंजुरी आली. आत्याबाई, "वा! शोभतंय हो त्या बयेला." नणंदबाई, "बिनधास्त दे. आपल्यात असं कुणी नाहीच." यजमान, "चालेल. कुणी नाही या नावाचं."

बाईंनी हर्षभरे पुसिले, "आई, सुचलं कुठून हे तुम्हाला?"

"माझंच आहे. माहेरचं," सासूबाई म्हणाल्या. "इथे कधी कुणी विचारलं नाही."

बाई चरकल्या. मोबाइल पालथा घातला. परंतु सासूबाईंनी लेकाचे आणि लेकीचे जाब चष्म्यावरून आधीच वाचिले होते. मग बाईंनी अर्ज केला, "अहो आई, ती वाईट आहे. तुमचं नाव नायिकेला देते ना."

"नको गं बाई. ती पाणी प्यायलासुद्धा विचारते. कुलूप लावणारीलाच दे. टेबल पुसताना तुझे कागद उचलते ना मी, तो भाग दोनदा वाचलाय." मग हुकूम फर्माविला, "आणि तो तिचा पश्चात्ताप काढून टाक. किल्ली राहू दे तिच्याकडे."

हुकुमाची तामिली जाहली. उरली ती हाकेची परीक्षा. परंतु सुनेने सासूस एकेरी हाकारावे कैसे? बाईंची जीभ उचलेना. तेव्हा धाकट्या सरकारांनी, ज्यांस रीतभात अद्याप ठाऊक नाही, शेंग तलवारीसारखी उगारून, साऱ्या जिन्यास ऐकू जाईल ऐशी त्या नावाची आरोळी ठोकली. आणि सासूबाईंच्या तोंडून, मनात यावयाच्या आधी, "ओ!" निघोन गेली. उभयता एकमेकींकडे पाहून हसल्या. हसता हसता एकीस डोळे पुसावे लागले, कोणास ते सेवक लिहीत नाही.

दिवेलागणीच्या आत फुल्या उठल्या, नाव बसले, आणि संपादकबाईंची पोच आली. खर्ची पडले ते नळाचे पाणी आणि सरकारांची अर्धी झोप. यजमानांची चौकशी अद्याप चालू आहे.

पुढे पुस्तक छापोन आले आणि सारा कबिला त्या घरी जेवावयास जमला. आणि घासागणिक त्या नावाने जावेचा उद्धार चालला. आत्याबाई म्हणाल्या, "काय बाई आहे! अशी कुणाच्या घरात नसावी." सासूबाई वाढीत होत्या. वाढता वाढता थांबल्या, भांडे खाली ठेविले, आणि बाहेरच्या खोलीकडे चालत्या जाहल्या. कोणाचे लक्ष नव्हते. एकट्या लेखिकाबाईंनी मान वळवून दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिले, कुलूप जागेवर आहे की नाही.

खिळा रिकामा होता.

मोहीम खरी फत्ते जाहली ती तेव्हा, ऐसे नमूद करून, दार उघडेपर्यंत सेवकाने लेखणी येथे ठेविली आहे.