अन्नदा यंत्राच्या वापराचे दहा नियम

माणसाने चाकाचा शोध लावला, तेव्हा चाकासोबत माहितीपुस्तिका दिली नव्हती. चाक कोणत्या बाजूला फिरवायचे हे ज्याचे त्याने पाहून घेतले, आणि ज्यांचे चुकले त्यांनी तक्रार केल्याची नोंद कोठेही सापडत नाही. पुढे कारखाने निघाले, गिऱ्हाईक निघाले, गिऱ्हाइकाला पोस्टकार्ड परवडू लागले, आणि यंत्राचा दोष यंत्राच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवण्याची गरज निर्माण झाली. या गरजेतून जो मनुष्य जन्माला येतो त्याला तंत्रलेखक म्हणतात.

१९७८ साली खालापूर तालुक्यात असा एकच मनुष्य होता. नाव सहदेव ठोंबरे, गाव कर्जतजवळचे कडाव, शिक्षण मराठी विषय घेऊन बी.ए. (दुसरा वर्ग, पण पहिल्याच्या अगदी जवळचा). खोपोलीच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात भात झोडायचे पायट्याचे यंत्र तयार होत असे. पायाने पायटा दाबायचा, तारेच्या आकड्यांचा ढोल गरगर फिरतो, त्यावर भाताची पेंढी धरायची, दाणे झडतात. यंत्राचे नाव 'अन्नदा, नमुना दोन'. (नमुना एकविषयी कारखान्यात कोणी बोलत नसे.) या यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत लिहायला माणूस हवा होता.

मुलाखत घाटावरचे वर्क्स मॅनेजर मालोजीराव शितोळे यांनी घेतली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. मराठी येते का, या प्रश्नाला सहदेवने हो म्हटले. यंत्रातले काही कळते का, या प्रश्नाला तो नाही म्हणाला. दुसरे उत्तर मालोजीरावांना अधिक आवडले, कारण यंत्रातले कळणारा माणूस खुर्चीवर टिकत नाही, असा त्यांचा अनुभव होता. जुलैपासून सहा महिने उमेदवारी, काम पसंत पडल्यास डिसेंबरअखेर कायम. कायम होणे ही त्या काळी कडावात महत्त्वाच्या क्रमात लग्नाआधी आणि मोक्षाच्या थोडीशी नंतर येणारी गोष्ट होती. सहदेवचे लग्न त्याच कारणासाठी थांबले होते.

पुस्तिका लिहिण्यासाठी आधी यंत्र समजून घ्यावे लागते, असा एक गैरसमज आहे. सहदेवने त्यालाही थोडा वाव दिला आणि अर्धा दिवस फिटर पदूजवळ घालवला. पदू शेलूचा, शिक्षण तिसरी, ते यंत्र त्याने डोळे मिटूनही जोडले असते. पदूने सगळे यंत्र फार थोडक्यात सांगून टाकले. त्यातही एका गोष्टीवर तो दोनदा आला.

"आदी ढोल हातानं पुढं लोटायचा, आपल्यापास्नं लांब. मंग पाय द्यायचा. येवडं चुकलं ना सहदेवभाऊ, तर ढोल उलटा फिरतो नि पेंढी हातासकट आत वडतो."

सहदेवला ही भाषा फारच उघडीवाघडी वाटली. त्याने घरी येऊन पदूच्या दोन वाक्यांना योग्य ते कपडे चढवले. 'प्रारंभिक गती', 'अभिप्रेत दिशा', 'तदनंतर पदचालन' असे करत नियम सव्वीस शब्दांचा झाला. तो वाचून मालोजीराव म्हणाले की आता काहीतरी लिहिल्यासारखे वाटते. सहदेवची छाती फुगली. त्या रात्री त्याने पुस्तिकेला एक प्रस्तावनाही लिहिली. तिच्यात कोकणची भूमी, श्रमाची प्रतिष्ठा आणि अन्नब्रह्म हे तिघे आळीपाळीने येत होते. यंत्र मात्र एकदाही आले नव्हते.

पुस्तिका कर्जतच्या छापखान्यात गेली. तिथे घोडे अडले. मालोजीरावांचे 'दोन शब्द' (प्रत्यक्षात एकशे सदुसष्ट) आणि फोटो आल्यामुळे मजकूर पाच ओळी जास्त होत होता. छापखान्याच्या मालकांनी विचारले, कुठे आखडू? सहदेव म्हणाला, कुठेही आखडा, फक्त माझ्या प्रस्तावनेला हात लावू नका. मालक अनुभवी होते. त्यांनी सोय केली.

मग तपासायला मुद्रिते आली. त्यांवर पाच जबाबदार व्यक्तींनी सह्या केल्या. मालोजीरावांनी स्वतःचा फोटो पाहून, स्टोअरवाल्यांनी कागदाची जाडी पाहून, विक्रीवाल्यांनी मुखपृष्ठावरची अन्नपूर्णा पाहून, हिशेबनिसांनी मालोजीरावांची सही पाहून. सहदेवने प्रस्तावना तीन वेळा वाचली आणि एक निसटलेला अनुस्वार पकडला. त्या अनुस्वाराने त्याला पुढे आठवडाभर आनंद दिला. दसऱ्याला पुस्तिका बाहेर पडली. तिच्यातला मुख्य भाग पुढीलप्रमाणे होता.

वापराचे दहा नियम

१. यंत्र समतल भूमीवर स्थापन करावे. (खळे मुळात समतलच असते, पण छापून आल्याने ते अधिक समतल होते.)
२. यंत्राच्या चारही पायांखाली भूमी असल्याची खात्री करून घ्यावी.
३. वापरकर्त्याने यंत्रासन्मुख उभे राहावे. पाठमोरे उभे राहिल्यास अपेक्षित फलनिष्पत्ती होत नाही.
४. भाताची पेंढी दोन्ही हस्तांनी दृढ धरावी.
५. लोंब्यांचे अग्र ढोलाकडे व बुंधे स्वतःकडे ठेवावेत. याउलट करू नये.
६. पदर, उपरणे व तत्सम सैल वस्त्रे आवरून घ्यावीत.
८. झोडणी चालू असता तंबाखू मळणे, भांडण उकरून काढणे इत्यादी क्रिया टाळाव्यात.
९. दाणे झडल्यावर पेंढा बाजूस ठेवावा. तोच पेंढा पुन्हा झोडू नये.
१०. कार्य समाप्त होताच ढोल थांबण्याची वाट पाहावी. तो थांबतो.

हंगाम सुरू झाला. तीनशे बारा यंत्रे खपली आणि दिवाळीनंतर पोस्टकार्डे येऊ लागली. एकूण तक्रारी एकेचाळीस. सगळ्यांचे म्हणणे एकच, की यंत्र कधी दाणे झाडते आणि कधी पेंढी आत ओढते. कुणाची बाही गेली होती, कुणाच्या बोटांची साल. बोरगावच्या एका गृहस्थांनी यंत्राला बाहेरची बाधा झाल्याचे कळवून कोंबडा कारखान्याने द्यावा अशी मागणी केली होती.

उत्तरे द्यायचे काम अर्थातच तंत्रलेखकाचे. सहदेवला पदूचे बोलणे आठवले. लोक ढोल आधी हाताने लोटत नसणार, हे त्याने बसल्या जागी ओळखले, आणि आपण ते नियम क्रमांक सातमध्ये किती नेटके लिहिले आहे हेही त्याला आठवले. त्याने एकेचाळीस जणांना एकच उत्तर पाठवले: 'आपल्या पुस्तिकेतील नियम क्र. ७ कृपया काळजीपूर्वक वाचावा.' यावर उलट पत्रे आली शून्य. शंभर टक्के समाधान होण्याचा कारखान्याच्या इतिहासातला हा पहिलाच प्रसंग होता.

मालोजीरावांनी खूश होऊन पुस्तिकेच्या उपयोगाची पाहणी करायला सांगितले. सहदेव तीस घरे फिरला. निष्कर्ष असा: देव्हाऱ्यात ठेवलेल्या प्रती एकोणीस (अन्नपूर्णेमुळे), सातबाऱ्यासोबत ट्रंकेत सहा, यंत्राच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली तीन (यांनी न वाचता पहिला नियम पाळला होता), सोयऱ्यांकडे गेलेली एक, वासराने खाल्लेली एक. उघडलेली प्रत एकही नव्हती. अडाणी लोक, असे सहदेवच्या मनात आले. मात्र आपले लिखाण एकोणीस घरांत हळद-कुंकू लावून पुजले जाते, हे त्याने अहवालात ठळक लिहिले. एवढे भाग्य त्याच्या प्राध्यापकांच्या पुस्तकांना मिळाले नव्हते.

डिसेंबरात कडावच्या ठोंबऱ्यांनी भावकीत मिळून एक अन्नदा घेतली. पुस्तिकेच्या आत 'लेखक: सहदेव ठोंबरे' असे छापले होते, त्यामुळे दुसरे यंत्र घेण्याचा प्रश्नच नव्हता. लेखकाची आई म्हणून पहिली पेंढी धरायचा मान सोनुबाईला मिळाला. नारळ फुटला, तिने पायटा दाबला, ढोल उलटा फिरला. पेंढी आत गेली, उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या फुटल्या आणि दोन बोटे पार सोलून निघाली. भावकीतली माणसे यंत्राकडे बघेनात. ती सोनुबाईकडे बघू लागली.

सहदेव रविवारी घरी आला, तेव्हा हळद भरलेली चिंधी बोटांना बांधून ती खळ्यावर बसली होती. पुस्तिका देव्हाऱ्यातून आणून ठेवली होती, ती तिने पुढे केली.

"वाच रं बाला. तू चुकीचं लिवनार नाय. माजंच कायतरी चुकलं, ते मना कलू दे."

सहदेवने समंजसपणे मान हलवली. सातवा नियम आला की आईला कळेल, असे त्याने सांगितले आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. स्वतःचे पुस्तक मुखपृष्ठापासून वाचण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, हे त्याच्या लक्षात आले नाही. सोनुबाईला अक्षरओळख नव्हती. पण खळ्यावर भात मापायचा तिचा हातखंडा. मापणारा 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात करतो, पुढे दोन, तीन करत जातो, आणि दर पायलीला बाजूला बसलेले माणूस एक खडा ठेवते. बोलणाऱ्याच्या तोंडाचा भरवसा धरायचा नाही, खड्याचा धरायचा, अशी रीत. तिने सवयीने दर नियमाला एक खडा ठेवला.

सहदेव प्रस्तावना वाचावी तसा सूर लावून वाचत गेला आणि शेवटी म्हणाला, "...तो थांबतो. झाले दहा."

सोनुबाईने खडे पाहिले. बोटाने एकेक मागे सारत पुन्हा मोजले. "नऊ हायेत," ती म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "माजाच एक ठेवायचा ऱ्हायला असंल. बोटं वलत नाय ना."

सहदेवने पान पाहिले. पाच, सहा, आठ. त्याने पान उलटून पाहिले, जणू सात मागच्या बाजूला जाऊन बसला असेल. मग त्याला छापखान्याच्या मालकांचा प्रश्न आठवला आणि आपले उत्तरही आठवले. पाच ओळी. सगळ्यात लांब नियम तोच होता. एकेचाळीस माणसांना त्याने न छापलेला नियम काळजीपूर्वक वाचायला लावला होता, आणि एकेचाळीसांपैकी एकालाही, त्याला स्वतःलासुद्धा, तो तिथे नसल्याचे कळले नव्हते. समोर आईची चिंधी बांधलेली बोटे होती. त्याला अतिशय लाज वाटली. ही लाज कोणत्या शब्दांत सजवावी हे त्याला पहिल्यांदाच सुचले नाही.

तो उठला, ढोल हाताने पुढे लोटला आणि पदूचे शब्द जसेच्या तसे म्हणाला. "आदी हातानं पुढं लोटायचा. मंग पाय द्यायचा."

"येवडंच?" सोनुबाई म्हणाली. "मंग येवडंच लिवायचं व्हतं ना."

तिने पूजेच्या ताटलीत कुंकू कालवले, डावा तळवा त्यात बुडवला आणि ढोलाच्या बाजूच्या लाकडी चकतीवर उमटवला. बोटांची टोके बाहेरच्या दिशेला, ज्या बाजूला लोटायचे त्या बाजूला. त्यानंतर भावकीतल्या अकरा माणसांनी ते यंत्र चालवले. कोणी काही विचारले नाही. ज्याने त्याने हातावर हात ठेवून ढोल लोटला आणि मग पाय दिला.

सोमवारी सहदेवने मालोजीरावांपुढे सगळे कबूल केले. कायम होण्याला पाच दिवस उरले होते, आणि ते आता उरणार नाहीत अशी त्याची खात्री होती. मालोजीरावांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे पडले की एकेचाळीसांपैकी एकानेही हरकत घेतली नाही, त्याअर्थी नियम आहे. आता तो नव्हता असे जाहीर केले, तर तो नव्हता असे होईल.

"ठोंबरे, जी कोणाच्या लक्षात येत नाही अशी चूक करायला भाषेवर पकड लागते," ते म्हणाले. "तुम्हाला कायम केलं."

शुद्धिपत्र मात्र काढले गेले. ते पुस्तिकेच्या आत, कोणी उघडत नाही त्या ठिकाणी, नीट चिकटवण्यात आले. सहदेवने आणखी एक काम कोणाला न विचारता केले. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक ढोलावर तो आणि पदू तेलरंगाने लाल तळहात उमटवू लागले. पुढच्या हंगामात तक्रारी आल्या दोन, त्याही रंग हाताला लागल्याच्या. वार्षिक अहवालात याचे श्रेय पुस्तिकेच्या सुधारित आवृत्तीला देण्यात आले आणि सहदेवचा पगार वाढला. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर चौतीस पुस्तिका जमा झाल्या. त्यातली लोकांनी वाचलेली एकच, आणि ती त्याच्या आईने एका हाताने, एकही शब्द न वापरता लिहिली होती.

राहता राहिला वाचकांचा प्रश्न. नियमांची संपूर्ण यादी वर छापलेलीच आहे, आणि सहानंतर थेट आठ आहे हेही तिथे स्पष्ट दिसते. ज्यांनी हे तेव्हाच्या तेव्हा टिपले, त्यांनी तंत्रलेखकाच्या जागेसाठी अर्ज करू नये, त्यांचे तिथे जमणार नाही. बाकीचे एकेचाळीस पोस्टकार्डवाल्यांना आणि तीस घरांना हसत इथपर्यंत आले असतील. त्यांना एवढीच विनंती, की हात जपावेत.