सूर्याकडे पाठ करून

आमच्या सोसायटीतले भिकनआप्पा लोकांना सूर्यास्त दाखवायला सापुताऱ्याला नेतात आणि सूर्य बुडायला लागला की स्वतः त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. नुसते गप्प उभे राहतील तर शपथ. गळ्यात शिटी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि दोन्ही हातांत साड्यांच्या चिंध्या. आम्ही सगळे उन्हाकडे तोंड करून डोळे किलकिले करतोय, आणि चष्मा मात्र ज्याच्या पाठीवर ऊन आहे त्याच्या नाकावर. पहिल्यांदा मी हे बघितलं तेव्हा मला वाटलं, सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये उभा जन्म काढला की माणसाचं असं होत असावं.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. घरात अहिराणी, भाजीवाल्याशी गुजराती, मिलमध्ये हिंदी आणि माझ्याशी शुद्ध मराठी, कारण मी शिक्षिका. मी परभणीची. नवऱ्याच्या नोकरीपायी बमरोलीत राहायला आले आणि इथल्याच एका मराठी शाळेत शिकवायला लागले. सामान अजून पुरतं लागलं नव्हतं तेव्हा आप्पा दारात आले. ना नाव सांगितलं, ना गाव.

"मास्तरीनबाई, रंग ओळखता येतात का तुम्हाला?"

मला वाटलं, कसली तरी सरकारी पाहणी असेल. म्हटलं, येतात.

"गाजरी आणि केसरी ह्यात फरक काय?"

"केसरीत पिवळा जास्त असतो, गाजरीत लाल."

"पास," आप्पा म्हणाले. "रविवारी जेवून गेटवर या. हापडे आहे."

हापडे म्हणजे हाफ डे. मिलमध्ये अर्ध्या दिवसाची रजा टाकायची तर हाच शब्द, आणि आप्पांच्या सहलीलाही हाच. थंडीत महिन्यातून एक रविवार धरायचा, दुपारी भरतभाईंच्या जीपमध्ये सोसायटीतली मंडळी कोंबायची, बारडोली, व्यारा, वघई करत घाट चढायचा, सूर्य बुडवायचा आणि परत यायचं. गाइड अर्थातच आप्पा. वाटेतल्या कुठल्याही गोष्टीची माहिती त्यांना नसते. उजवीकडे कोणती नदी लागली असं विचारलं तर म्हणतात, "पाणी आहे पाण्यासारखं. पुढं चला. तो थांबत नाही."

तो म्हणजे सूर्य. मिलच्या शेठजींबद्दल बोलावं तसं आप्पा त्याच्याबद्दल बोलतात. कुणी चहाला उतरायचं म्हटलं की, "तो थांबत नाही." कुणाच्या सासूला घाटात मळमळलं तरी, "लिंबू चोखा, तो थांबत नाही." भरतभाई स्टिअरिंगवर हात ठेवून हसतात. "काका, सूरज तो रोज आथमे छे." रोजच मावळतो की! आप्पा त्यांच्याकडे असं बघतात की ते बिचारे गिअर बदलतात.

पॉइंटवर पोचलो की शिटी वाजते. मोबाइल आत. "फोटो नंतर. आधी तोंडानं सांगा."

त्या पहिल्या खेपेला पाटलांची पिंकी म्हणाली, "वाव!"

"वाव नावाची साडी मी तरी रंगवलेली नाही," आप्पा म्हणाले. "रंग बोल."

"अरे काका, ऑरेंज छे ने!"

"कोणता ऑरेंज? हा का हा?" आप्पांनी दोन चिंध्या वर धरल्या. झालं, जीपभर माणसांत दोन तट पडले. सुरतेत घरटी कुणी ना कुणी साडीच्या धंद्यात असतोच, त्यामुळे रंगावरून माघार घेणं कुणाच्या रक्तात नाही. पाटीलकाकू गाजरीला अडून बसल्या, पाटीलकाका केसरी म्हणाले आणि घरचं कुठलं तरी जुनं भांडण त्या निमित्तानं वर आलं. शेवटी आप्पांनी हात वर करायला लावले. गाजरी बहुमतानं मंजूर झाला. आप्पांनी ती चिंधी सुरुवातीच्या हळदी चिंधीला गाठ मारून जोडली आणि लगेच विचारलं, "आता?"

म्हणजे सूर्य संपेपर्यंत हेच. आता? आणि आता? वर्गात मी पोरांना उठसूट 'नीट निरीक्षण करा' म्हणून सांगते, पण सूर्यास्ताची तोंडी परीक्षा मी जन्मात पहिल्यांदाच देत होते. पुरुषमंडळींचा तर काही उपयोग नव्हता. सोनवणेभाऊंच्या दुनियेत लाल आणि 'जास्त लाल' एवढे दोनच रंग. सूर्य गेल्यावर डोंगराच्या कडेला एक काळसर तांबूस पट्टा उरला, त्याला काय म्हणावं हे कुणालाच सुचेना. मी सहज म्हणाले, "आमसुली."

आप्पांचा चेहरा एकदम खुलला. पिशवीत हात घालून त्यांनी बरोबर आमसुली चिंधी काढली. "आमसुली! वा, मास्तरीनबाई!" म्हणत ती शेवटी बांधली आणि सगळी माळ घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. छातीपाशी.

"ह्याचं करता काय?" मी विचारलं.

"घरी लागतं."

सोसायटीत ह्यावर बरीच मतं होती. कुणी म्हणे गोधडी शिवतात, कुणी म्हणे कुणा बुवानं सांगितलेला तोडगा आहे. त्यांच्या बायकोला, सरुआक्कांना, विचारावं तर त्या कुठं बाहेर दिसत नसत. मागच्या लाइनीतलं शेवटचं घर त्यांचं. "आक्कांना बरं नसतं," एवढंच लोक सांगायचे आणि विषय बदलायचे.

मग पौषातली ती ट्रिप आली. बारडोलीच्या बाहेर रस्त्याच्या कडेला पोंकाचे मांडव लागलेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, इथं त्यावर शेव आणि लिंबू घालून खातात. वास जीपमध्ये शिरला आणि आप्पांचं राज्य खालसा झालं. पाच मिनिटं, पाच मिनिटं म्हणत सगळे उतरले. मीही उतरले. परभणी सोडल्यापासून हुरडा तोंडात पडला नव्हता. पाटीलकाकूंनी पोंकवडे घेतले, सोनवणेभाऊंनी दुसऱ्यांदा घेतले. आप्पा तेवढे जीपमध्ये बसून शिटी फुंकत होते, आणि मांडवातली माणसं बघत होती की हा कुठला पोलीस.

पुढं घाटात ट्रकांची रांग लागली. आम्ही पॉइंटवर पोचलो तेव्हा सूर्य अर्धा गेला होता. आप्पा जीप थांबायच्या आत उतरले, ह्या वयात पळत कठड्यापाशी गेले, गर्रकन पाठ फिरवली आणि चिंध्या वर धरून ओरडले, "सांगा! सांगा लवकर!"

आम्हाला धापा लागलेल्या. कुणी रानी गुलाबी म्हणालं, कुणी मरून, एकानं जांभळा म्हटलं. मत घ्यायला वेळच नव्हता. दोन गाठी झाल्या आणि मागं नुसती राख उरली. आप्पा तशाच हात वर केलेल्या अवस्थेत उभे होते.

"आता घरी काय नेऊ?" ते म्हणाले.

"बारडोलीचा पात्रा न्या की, आप्पा!" सोनवणेभाऊ म्हणाले. पात्रा म्हणजे तिथली अळूवडी. आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. उतरताना घाटात त्यांनी एकदाही 'तो' हा शब्द काढला नाही. मला खरं सांगायचं तर रागच आला. रोज उगवणाऱ्या सूर्यासाठी इतकं फुगून बसायचं म्हणजे काय!

घरी आल्यावर बघितलं तर त्यांची कानटोपी माझ्या पिशवीत. सकाळी शाळेला जाता जाता द्यायला गेले. दार उघडंच होतं. आत खाटेवर एक बाई मांडी घालून बसल्या होत्या. गोऱ्या, हसऱ्या, डोईवर पदर. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कोन शे?"

मी म्हटलं, पुढच्या लाइनीतली, शाळेतली.

"हां! आमसुलीवाल्या मास्तरीनबाई!" आणि अंदाजानं हात पुढं करून त्यांनी मला खाटेवर बसवून घेतलं.

सरुआक्कांना दिसत नव्हतं. काचबिंदू. हळूहळू, कडेकडेनं गेलं सगळं. खिडकीच्या गजाला चिंध्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, एका सूर्यास्ताची एक. कालची, दोन गाठींची, त्यांच्या मांडीवर होती.

"आप्पा दूध लेवाले गयात," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात एक लांब माळ दिली. "ही बघा तुमची." त्यांची बोटं एका टोकापासून चालायला लागली. आक्कांनी आयुष्यभर घरी बसून साड्यांवर खडे चिकटवले होते. मिलमधून थप्पी यायची, खडे लावून परत जायची, आणि कापलेल्या कडा घरात राहायच्या. त्या चिंध्या ह्याच. "ही सॅटिन, हळदी. ही जॉर्जेट, गाजरी. ही शिफॉन आली, म्हणजे रानी." शेवटच्या जाडसर तुकड्यावर बोटं थांबली. "आणि ही आमसुली. तेवढी एकच साडी आली होती त्या कापडाची. बोटाला लगेच कळतं." वरून खालपर्यंत एकदा हात फिरवला की त्यांचा सूर्य बुडायचा.

मग त्यांनी मांडीवरची माळ उचलली. "कालदिन आखूड शे. ढग व्हतात म्हने?"

माझ्या तोंडाला अजून पोंकाची चव होती. "हो," मी म्हटलं. "खूप ढग होते."

आक्का बोलायला मोकळ्या. दिवसभर खड्यांवर मान घालून बसायच्या, पण त्यांना एक हौस होती, आभाळाचे रंग एकदा डोंगरावरून बघायचे. दर थंडीत त्या आप्पांना म्हणायच्या. आप्पांची आठ ते आठ पाळी. दिवसपाळीला अंधार पडल्यावर घरी, रातपाळीला संध्याकाळपर्यंत झोपेत. सुट्टी आली की ओव्हरटाइम. आणि आक्कांनी विषय काढला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "सूर्य कोठे पळी जाई ऱ्हायना?" सूर्य कुठं पळून चाललाय!

"हे आप्पा म्हणायचे?" मी विचारलं. "तो थांबत नाही म्हणणारे आप्पा?"

"तेच," आक्का हसल्या. "मग डोळे गेले आणि हे मला घेऊन गेले. कठड्यापाशी उभं केलं. मी म्हटलं, काय दिखस? म्हणाले, लाल शे. मी म्हटलं, आनि? म्हणाले, आनि... लालच शे." सांगता सांगता त्यांना हसू आवरेना. "आख्खा जन्म रंगात हात घालून बसले, आणि तोंडातून दुसरा रंग निघाला नाही! मी म्हटलं, इतलाच का? पुढच्या रविवारी लोकांना गोळा करून निघाले."

मग त्या चिंधीची सुटलेली दशी बोटानं गुंडाळत राहिल्या.

"मास्तरीनबाई, खरं सांगा. तिथं हे तोंड कुठं करून उभे राहतात?"

मी गजावरच्या माळांकडे बघितलं.

"मला ठाऊक आहे. तुमचा शब्द येतो, पाटीलबाईंचा येतो, सोनवणेंचा जास्त लालसुद्धा येतो. ह्यांचा एकही नाही. त्यांना म्हणा, एक गाठ तुमची बांधून आणा. मी म्हटलं तर ऐकत नाहीत."

तेवढ्यात आप्पा दुधाची पिशवी घेऊन आले. मला बघून गडबडले, कानटोपी डोक्यावर चढवली आणि सोडायला म्हणून कोपऱ्यापर्यंत आले. मी आक्कांचा निरोप सांगितला. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्यांची शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेली.

"एकला कसा देखू? मांगे लागनी व्हती ती, तवय लई गऊ नही. तवय तिना डोया व्हतात." एकट्यानं कसं बघायचं, मागे लागली होती तेव्हा नेलं नाही, तेव्हा तिला डोळे होते. माझ्याकडे न बघताच ते बोलले आणि परत फिरले.

होळीच्या आधीच्या ट्रिपला बारडोलीत कुणी उतरलं नाही. सोनवणेभाऊंनी घरून शिरा आणला होता, तो चालत्या जीपमध्येच खाल्ला. पॉइंटवर वेळेत पोचलो. शिटी झाली, पाठ झाली, हात वर झाले. हळदी, गाजरी, रानी, एकेक गाठ पडत गेली. सूर्य टेकला.

"आता?" आप्पांनी विचारलं.

कुणी बोलायच्या आत मी म्हटलं, "आप्पा, हा तुम्ही सांगा. आक्कांनी तुमचाच मागितलाय."

ते आमच्याकडे बघत राहिले. पिंकीनं वर काढलेला मोबाइल खाली केला. आप्पांनी आधी चष्मा काढून खिशात टाकला. मग हळूच वळले. आम्हाला त्यांची पाठ पहिल्यांदाच दिसत होती. डोंगराच्या कडेवरचं शेवटचं तांबूस विझलं, लोक उठून गेले, चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला, तरी ते तसेच उभे होते. शेवटी भरतभाई जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आले.

जीप सुरू झाली. आप्पांच्या मांडीवर माळ पडली होती, शेवटची गाठ नसलेली. उरलेल्या चिंध्या मुठीत.

"कोणता बांधायचा, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी मूठ उघडली. एकेक चिंधी जीपमधल्या दिव्याच्या उजेडात धरून बघितली आणि सगळ्या पिशवीत परत ठेवल्या.

"तिले दखाडाले जोयजे व्हतं, मास्तरीनबाई," ते म्हणाले. तिला दाखवायला पाहिजे होतं. "डोया व्हतात तवय दखाडाले जोयजे व्हतं."