पट्टीवरचे एकवीस खड्डे

आपली डॉक्टरेट आता पक्की, याबद्दल तौसिफला तिळमात्र शंका नव्हती. तीन वर्षं जळगावात बसून त्याने संगणकावर एकच उद्योग केला होता. वितळलेला धातू गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडला, की क्षणात गोठून त्याची चुंबकीय पट्टी होते, केसाहून पातळ! एवढ्या घाईत चाकाकडच्या बाजूला हवा अडकते आणि बारीक खड्डे राहतात. ते किती आणि कुठे, हे तौसिफचा संगणक आधीच चित्र काढून सांगायचा. बोटभर तुकड्यावर एकवीस! आता प्रयोगशाळेतून खरी पट्टीही आली होती. सोमवारी त्याचे मार्गदर्शक धनसिंगसर ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणार, की झालंच!

शनिवारी तो भडगावला घरी आला आणि अब्बांपुढे चित्र नि पट्टी ठेवून भरपूर फुशारकी मारली. अब्बा, म्हणजे सत्तारभाई, घड्याळं दुरुस्त करायचे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग, हातात चिमटा. अशा माणसासमोर खड्ड्यांची पट्टी सोडून हे शहाणं जेवायला गेलं! आता चूक कुणाची, तुम्हीच सांगा.

हात धुऊन आला, तर पट्टी आरशासारखी लखलखत होती.

"अब्बा! हे काय केलंत?"

"पॉलिश! बठ्ठं साफ शे आते. तुझ्या सरांना एक डाग दिसायचा नाही."

"अहो, मला डागच हवे होते! तीन वर्षं त्यांच्यावरच घालवली मी!"

सत्तारभाईंचा चेहरा पडला. "तीन वर्षं? बिघाड नीट करायला नव्हे, नुसता मोजायला?"

"मग दुसरी मागव ना," आतून कनीजबी म्हणाल्या.

"तीन महिने लागतील, अम्मी! माझी मुदत याच महिन्यात संपतेय!"

तौसिफ तोंड फिरवून पडून राहिला. रविवारी दुपारी अब्बांनी त्याच्या हातात काडेपेटी ठेवली. "घे. आता बरोबर झालं." आत तीच पट्टी, आणि भिंगाखाली एकवीस खड्डे, चित्रात होते तिथेच! हे चालणार नाही, हे तौसिफला कळत होतं. पण सकाळपासून वाकून वाकून अब्बांची मान आखडली होती. त्याच्याने बोलवेना. त्याने काडेपेटी खिशात टाकली.

सोमवारी धनसिंगसर सूक्ष्मदर्शकातून डोळा काढीनात. "एकवीसपैकी एकवीस! जागेसकट! असं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही रे!" लगेच सगळ्यांना चहा सांगितला. तौसिफने कप तसाच खाली ठेवला. आयुष्यभर हे पोटात घेऊन डॉक्टर म्हणून मिरवायचं?

"सर, हे खड्डे माझ्या वडिलांनी पाडलेत," तो म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "फोन लाव त्यांना. स्पीकरवर."

"सत्तारभाई, पॉलिश करण्याआधी खड्डे किती होते, आठवतं का?"

"म्हणजे काय साहेब! हाताखालून गेलेला बिघाड मी विसरत नाही. चौदा होते."

"मग हे वरचे सात?"

"ते चित्रातले," सत्तारभाई आवाज उतरवून म्हणाले. "पोराचं काम सातने चुकलं होतं. म्हटलं, चारचौघांत त्याची फजिती नको. तेही दुरुस्त करून टाकलं. तुम्ही त्याला सांगू नका बरं का!"