पोलिक्सेनीआजी नापास होतात

नागरिकत्वाच्या कार्यालयातल्या झेरॉक्स यंत्राची शाई नेमकी त्याच दिवशी संपली नसती, तर पोलिक्सेनीआजींवर स्वतःच्याच देशात परकी ठरायची पाळी आली नसती.

मुलाखत खरं तर लमाराची होती. लमारा म्चेदलिश्विली मूळची जॉर्जियाची. ग्रीसमधल्या पालिओकास्त्री गावात ती आजींना सांभाळायला म्हणून आली, आणि आजी काही जाईनात म्हणून तीही राहिली. बघता बघता तिला तिथे पंधराएक वर्षं झाली. नागरिकत्वाची लेखी परीक्षा ती पास झाली होती. समितीपुढची तोंडी मुलाखत तेवढी बाकी होती. तिकडे जर्मनीत तिच्या लेकीला मुलगा झाला होता, पण लमाराचा राहण्याचा परवाना नूतनीकरणात अडकलेला, त्यामुळे देशाबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. नातवाला ती फोनच्या काचेवरच पापे द्यायची. त्या दिवशी ती इतकी धास्तावली होती, की बसच्या कंडक्टरने कुठे जायचं विचारल्यावर तिने ग्रीसमधल्या नद्यांची नावं सांगायला सुरुवात केली.

गावातलं कुणीतरी बरोबर न्या, दोन चांगले शब्द सांगायला बरं पडतं, असं वकिलाने सुचवलं होतं. आजी एका पायावर तयार झाल्या. चर्चला जायचा काळा झगा आणि सोन्याचा क्रूस घालून बसमध्ये खिडकीशी बसल्या.

"आत गेल्यावर बोलायचं काय मी?" आजींनी विचारलं.

"विचारतील त्याची खरी खरी उत्तरं द्यायची, आजी. बस्स."

"नको ते विचारलं तर?"

"तरी खरंच सांगायचं."

कार्यालयात खिडकीवरच्या कारकुनाने कागद चाळले आणि एका पानाची प्रत कमी आहे म्हणून जाहीर केलं. "आमच्या यंत्राची शाई संपलीय. समोरच्या दुकानातून काढून आणा. पळा!"

लमाराने फाईल आजींच्या मांडीवर ठेवली. "ही सोडू नका हं हातातून. आणि कुणी बोलावलं तर सांगा, लमारा आत्ता येतेय." आणि ती धावत सुटली. पण बॅटरी वाचावी म्हणून आजींनी बसमधून उतरल्याबरोबर कानातलं ऐकायचं यंत्र बंद केलं होतं. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की बोलावतील.

आणि बोलावलंच. कारकून दारात येऊन हातातला कागद वाचू लागला. "म्... म्च... म्चे..."

त्याला शिंक येतेय असं वाटून आजी मोठ्याने म्हणाल्या, "देव बरं करो रे बाळा!" आणि उगाच यंत्र बंद नको म्हणून त्यांनी ते चालू केलं. कारकुनाला वाटलं, बाईंनी ओ दिली. मांडीवरची फाईल त्याने ओळखलीच होती. आडनाव पुरं करायचं संकट टळलं म्हणून त्याने अदबीने आजींना हात धरून आत नेलं.

आत अध्यक्ष स्तेर्गिऊ आणि एक सदस्यबाई बसल्या होत्या. सदस्यबाईंनी फाईलमधल्या फोटोकडे पाहिलं, मग आजींकडे पाहिलं आणि हळहळून मान हलवली. परक्या मुलखात कष्ट करून माणसाचं काय होऊन जातं!

"बाई, ग्रीसमध्ये किती वर्षं झाली?" अध्यक्षांनी विचारलं.

"ब्याऐंशी."

"म्हणजे एकोणीसशे ब्याऐंशीपासून?"

"नाही रे, नुसती ब्याऐंशी."

अध्यक्षांनी लिहिलं : आकड्यांचा गोंधळ.

"आधी कुठे होतात?"

"आईच्या पोटात."

सदस्यबाईंनी विषय बदलला. "अठ्ठावीस ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला काय असतं?"

"शाळेची पोरं रस्ता अडवून मिरवणूक काढतात. बस येत नाही."

"संसदेत सदस्य किती?"

"आहेत त्याच्या निम्मे पुरले असते."

"गावातल्या ग्रीक लोकांमध्ये मिसळता का?"

खरं सांगायचं ठरलं होतं. "छे! एकाचंही तोंड बघत नाही मी. ती समोरची स्तामातिया माझ्या भिंतीवर सांडपाणी सोडते. तिच्या घरची कॉफीसुद्धा घेत नाही मी."

"मग आमच्या देशाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"तुमच्या?" आजी चमकल्या. "तुम्ही कुठले?"

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला ग्रीक नागरिक व्हायचंय तरी का?"

"मला? मला कशाला व्हायचंय!"

अध्यक्षांनी हताशपणे संगणकावर नोंद केली : भाषा बरी, उच्चार परके. समाजात मिसळण्याची तयारी नाही. नापास.

एवढ्यात दार ढकलून लमारा आत आली. हातात प्रत, घामाने डबडबलेली. "आजी! तुम्ही इथे काय करताय?"

"तुझी मुलाखत देतेय. थांब, रंगात आलीय."

पुढची पाच मिनिटं कुणालाच काही समजेना. लमारा म्हणत होती, मी लमारा. अध्यक्ष म्हणत होते, लमारा नापास झाली. सदस्यबाई फोटो एकदा हिच्या आणि एकदा तिच्या तोंडाशी धरून बघत होत्या. "मग या कोण?" त्यांनी विचारलं.

"या ग्रीक आहेत!" लमारा ओरडली.

"ह्या?" अध्यक्षांनी आपलं टिपण पुन्हा वाचलं. "शक्यच नाही."

आजींचं ओळखपत्र घरी होतं. प्रवासात चोरी होते म्हणून त्या ते पिठाच्या डब्यात ठेवत. लमाराला रडू कोसळलं. नातवाचा तोंडावळा, विमानाचं तिकीट, सगळं तिच्या डोळ्यांपुढून वाहून जायला लागलं. ते पाहून आजी काठी आपटत उठल्या. "ए मिशाळ्या! ह्या पोरीला रडवलंस? माझं दुखणंखुपणं हिने काढलं. चर्चमध्ये माझ्या नवऱ्याच्या नावाने मेणबत्ती हिने लावली, मी विसरले तेव्हासुद्धा. घे आधी तिची मुलाखत!"

अध्यक्षांनी मुकाट्याने घेतली. हुंदके देत देत लमाराने सदस्यसंख्या सांगितली, युद्धं सांगितली, बेटं सांगितली. थांबवेपर्यंत ती नद्यांवर आली होती. समितीने तिची शिफारस केली.

प्रश्न उरला आधीच्या मुलाखतीचा. कारकुनाने बरंच टकटक करून पाहिलं आणि सांगितलं, "झालेली मुलाखत संगणकातून पुसता येत नाही. लमाराबाईंच्या नावावरून काढायची तर जिने दिली तिच्या नावावर टाकावी लागेल. आजी, तुमच्या नावावर टाकतो. ओळखपत्राची प्रत पाठवा, म्हणजे रद्द होईल."

"टाकतोस काय माझ्या नावावर?"

"नापास."

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या आजींनी कानातलं यंत्र बंद करून टाकलं.

काही महिन्यांनी लमाराने नागरिकत्वाची शपथ घेतली. जर्मनीला जाऊन नातवाला मांडीवर खेळवून आली. परतली तर पिठाच्या डब्यात ओळखपत्र तसंच.

"अहो आजी, त्याची प्रत पाठवायची होती ना? विषय संपला असता."

"पाठवणार नाही. प्रत पाठवली म्हणजे मी वशिल्याने सुटले असं होईल. मला नापास करतो काय! मी पुन्हा मुलाखत देणार आणि पास होणार. वेळ घेतलीय मी. काढ तुझं परीक्षेचं पुस्तक."

लमाराने कपाळावर हात मारला आणि पुस्तक काढलं. रोज जेवण झाल्यावर ओट्यावर शिकवणी सुरू झाली. आजी हट्टाने पाठ करायच्या आणि सकाळपर्यंत विसरायच्या. डोंगरांना बेटं म्हणायच्या, आणि चूक दाखवली की पुस्तकच चुकलंय म्हणायच्या.

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. लमाराने ओट्यावरच्या आजींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नंतर बोलते गं. शिकवतेय. फार जड जातंय बिचारीला... बाहेरच्या माणसाला आपल्या देशाचं सगळं एकदम कसं कळणार?"