आठल्यांच्या डब्यातले बांगडे

विनीत सुर्वेने प्लॅस्टिकची पिशवी सोडली ती मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता. आदल्या दिवशी ऑफिसात पर्यावरणावर दोन तासांचं शिबिर झालं होतं. (त्यातला दीड तास पंखा नेमका विनीतच्या डोक्यावर होता, त्यामुळे त्याला अधूनमधूनच ऐकू आलं.) प्लॅस्टिक वाईट, हे कळलं. पण कागदी पिशवीला झाडं तुटतात, कापडीच्या कापसाला पाणी फार लागतं, असंही शिबिर घेणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या. मग माणसाने बांगडे आणायचे कशात? रात्रभर डोकं खाजवून विनीतने ठरवलं, घरातलं भांडंच न्यावं. भांड्यांविरुद्ध बाई काही बोलल्या नव्हत्या.

बायको, नम्रता, परसात टाकी भरत होती. ओट्यावर एक उंच, लख्ख स्टीलचा डबा पालथा घातला होता. विनीतने तो उचलला आणि स्कूटर काढली. डब्यावर कुणाचं नाव कोरलंय हे बघावं, असं त्याच्या मनातही आलं नाही. वीस वर्षांच्या संसारात त्याने भांडी आतूनच पाहिली होती, तीही भरलेली असताना.

बंदरावर मासळीवाली गंगा नेहमीच्या जागी बसली होती.

"डब्यात?" तिने विचारलं. "शेपट्या भायेर ऱ्हातील बघा."

"राहू देत. पिशवी नको."

"मग झाकान कसा लावनार?"

"झाकण दुसऱ्या हातात धरीन."

गंगाने शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीने आभाळाकडे. पण विनीतच्या प्रभागात नुकताच राहायला आलेला हर्षद तिथेच होता. त्याला हे इतकं आवडलं की त्याने फोटो काढला आणि प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलासुद्धा. विनीत छाती फुगवून घरी आला.

दारात नम्रता फोन धरून उभी होती. फोटोत विनीत कोपरापर्यंतच आला होता. डबा मात्र पुरता आला होता, वर बांगड्यांच्या शेपट्या, आणि खाली ठसठशीत कोरलेलं नाव: दा. ह. आठल्ये. हर्षदने ते वाचून मजकूर लिहिला होता, 'जागरूक नागरिक श्री. आठल्ये मासळीसाठी घरचा डबा नेतात. सर्वांनी आदर्श घ्यावा.' त्याखाली बेचाळीस अंगठे.

विनीतने डबा फिरवून नाव वाचलं. शेजारच्या आठल्यांकडे कांदालसूणसुद्धा चातुर्मासात बंद. काकूंनी त्या डब्यातून फणसाची सांदणं पाठवली होती. डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून काहीतरी गोड करून द्यायला नम्रताने तो घासून ठेवला होता. आणि हे सगळं सोडा, नळाला पाणी दिवसाआड येत होतं. सुर्व्यांची टाकी भरायची ती आठल्यांच्या विहिरीवरून, कुंपणावरून टाकलेल्या पाइपाने. काकूंनी पाइप काढला तर महिनाभर आंघोळीचीसुद्धा पंचाईत.

"आता?" विनीतने विचारलं.

"आता काय, त्या आल्याच," नम्रता म्हणाली.

आठल्येकाकू आल्या आणि पायरीवर बसल्या. मागे कुंपणाशी काका मान खाली घालून उभे होते.

"डबा तुमच्याकडेच होता, म्हणजे हात तुमचा, हे मी ओळखलं," काकू म्हणाल्या. "माझ्या विहिरीचं पाणी भरून माझ्याच डब्यात कुणी आपणहून मासे आणले असते, तर मी पुन्हा थेंब दिला नसता."

विनीतने डबा पाठीमागे धरला.

"पण मी ह्यांना नुसता फोटो दाखवला. काही विचारायच्या आधीच हे म्हणाले, वेंगुर्ल्याला बदलीवर होतो तेव्हा दोनदाच खाल्ले. दोनदाच हो! तेव्हा माझ्या सगळं लक्षात आलं. ह्यांनीच तुम्हाला पाठवलं. तुम्ही तरी मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार?"

विनीत पुरता गोंधळला. गप्प बसलं की पाणी चालू, पण काका बिचारे उरलेला जन्म ऐकून घेणार. खरं बोललं की काका सुटले, पाइप गेला. त्याने काकांकडे पाहिलं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेला माणूस गृहपाठ विसरल्यासारखा उभा होता. विनीतला फार वाईट वाटलं.

"काकू, काकांचा काही संबंध नाही," तो म्हणाला. "डबा मीच नेला. न बघता."

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती सांभाळून घ्याल त्यांना. सख्खा मुलगा नसता बोलला असं."

"अहो, खरंच मीच..."

"पुरे. पाणी दोन्ही वेळा भरा. पण एक करा माझ्यासाठी. पाऊस लागेपर्यंत तुमच्याकडे मासे शिजवू नका. वास आला की ह्यांना पुन्हा वेंगुर्लं आठवेल."

"नाही शिजवणार," नम्रता म्हणाली. विनीतला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. बांगडे तसेच तिच्या भावाकडे गेले.

दुपारी वरणभात जेवून विनीत भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभा राहिला. मे काकूंना दिला. जून-जुलै मासेमारी बंद. पुढे श्रावण. मग गणपती. मग पितृपक्ष आणि त्याला लागून नवरात्र. त्याने पानं पुन्हा उलटून पाहिली. मधे एकही बांगडा बसत नव्हता.

"दसऱ्यापर्यंत," तो खोल आवाजात म्हणाला.

"मग झालं तर," नम्रता ताटं उचलत म्हणाली. "कशातून आणायचे, ते ठरवायला तुम्हाला पाच महिने मिळाले."