खडूची गाडी

"गाडी मीच निवडणार, आणि ती शहाण्यासारखी!" असं मी घरात ठणकावून सांगितलं. माणसं चार: मी, बायको, लेक आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे त्यांना बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, त्यामुळे त्यांची धाकट्या बहिणीशी भेट कित्येक दिवसांत नाही. आणि आमचा खिसा बेताचा. दिखाव्याला भुलेल तो मी नव्हे!

शोरूममधून मापं आणली, सोफा सरकवला आणि हॉलच्या फरशीवर खडूने चक्क गाडी आखली. आत चार खुर्च्या. सासूबाई पुढे बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"गुडघा कुरकुरला नाही हो, जावईबापू!"

मी हातात ताट धरलं आणि गाडी सुरू केली. संध्याकाळ उतरत होती, पडदा हलत होता. हळूहळू भिंत गेली, कपाट गेलं, दोन्ही बाजूंना झाडं लागली. धुकं, उतार, लांब कुठेतरी पाणी... काय सुख होतं म्हणून सांगू!

"अहो, हळू! वळण आहे," बायको डोळे मिटूनच पुटपुटली.

"बाबा, मला मळमळतंय!" लेक ओरडली. मी कचकन ब्रेक दाबला आणि टीपॉय आडवा झाला!

खालचे शेजारी तणतणत वर आले. "काय चाललंय काय?"

"मागे जागा होईल, बसा," सासूबाई म्हणाल्या. आणि ते बसले! दुसऱ्या दिवशी सहकुटुंब आले. मी खडू घेऊन गाडी वाढवली, ती स्वयंपाकघरात शिरली. शोरूमवाल्याचा फोन आला, "साहेब, कुठली पक्की करू?"

"थांबा, अजून वाढतेय!"

अशात सासूबाई बहिणीला फोनवर बोलून गेल्या, "आम्ही रोज गाडीतून फिरतो!" झालं! मावशी रुसल्या, फोन उचलेनात. सासूबाईंचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला फार वाईट वाटलं.

मग एका संध्याकाळी मावशी दारात हजर, बसचे धक्के खात आलेल्या!

"रोज भटकतेस आणि बहिणीकडे यायला होत नाही? कुठाय गाडी?"

सासूबाईंनी गुपचूप फरशीकडे बोट केलं. मावशी बघतच राहिल्या. मग चपला काढून आत शिरल्या, माझ्या हातातलं ताट घेतलं आणि बहिणीला म्हणाल्या, "चल, माझ्या घरी जाऊ."

दोघी निघाल्या. हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या.

"गाडी छान आहे, जावईबापू," मावशी म्हणाल्या. "ड्रायव्हर तेवढा बदला!"

तेव्हापासून मी सगळ्यात मागे, शेजाऱ्यांच्या मधे अंग चोरून बसतो. तिथून बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही हो!